मुक्ताची सोयरीक

नियमांचं काय घेऊन बसलात, आमच्या काकूचं ऐका. अनाथाश्रमातली आठ महिन्यांची मुक्ता आमच्या गुजरातेतल्या, गोडादऱ्याच्या घरी सांभाळायला होती. स्वीडनचं एक जोडपं तिला दत्तक घेणार होतं. दोघं भेटून गेली, काकूने त्या बाईची ओटीसुद्धा भरली. कागद पूर्ण झाले आणि नियम बदलला! मूल आधी इथल्या जोडप्यांना दाखवा, त्यांनी नाही म्हटलं तरच परदेशात पाठवा.

अनाथाश्रमाचे साहेब जवळच्या पलसाण्याचं एक जोडपं घेऊन आले, तेही आमच्यासारखं खानदेशातलंच. मी काकूला बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाहीस." तिने सगळ्यांना पोहे दिले आणि म्हणाली, "पोरगी बघा, पण तिची सुपारी फुटलीय."

सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. नवरा लगेच उठला. "दुसऱ्याला दिलेली पोर आम्ही मागत नाही, ताई. आमचं नाही समजा."

"काकू!" मी ओरडले.

गुजराती साहेब तर हादरलेच. "एवढ्याशा छोकरीचं लग्न नक्की केलं? आ तो गुनो छे, मासी!"

काकूने मुक्ताचं नाक पुसलं. "लगीन कुठं, साहेब? तिची माय ठरलीय."