कोचच्या घराला पडदे

...आणि वर पडदे! अहो, पडदे! मी आपला प्रॅक्टिसवरून घामाघूम होऊन घरी येतोय, दार उघडतो, आणि बघतो तर काय, बैठकीच्या खिडकीला निळ्या फुलांचे, कोरे करकरीत, अगदी मापात शिवलेले पडदे! तुम्हाला सांगतो, छातीत धस्स झालं. तुम्ही म्हणाल, पडद्यांना काय घाबरायचं? माणूस सापाला घाबरतो, वादळाला घाबरतो, आमच्या कॅन्ससमध्ये वादळ शेजाऱ्याचा गोठा उचलून तुमच्या अंगणात आणून ठेवतं, त्याला घाबरला तर समजू शकतो, पण पडद्यांना? घाबरतो हो! मी कॉलेजच्या फुटबॉलचा कोच आहे! आमच्या नादीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, ज्या ज्या गावात मापाचे पडदे शिवले ना, त्या त्या गावानं मला नारळ दिला!

खोटं नाही सांगत. लग्नानंतर पहिल्या घराला शिवलेला एक जोड आहे, तोच आम्ही गावोगाव फिरवतो. कुठं तो खिडकीच्या गुडघ्यापर्यंत येतो, कुठं जमिनीवर लोळतो, पण चालतो. कोचचं घर ते! आमच्यात अर्धी खोकी उघडायचीच नसतात. गॅरेजमध्ये टेप लावून तशीच रचून ठेवायची, म्हणजे निघताना तेवढीच दगदग कमी. आता मागच्याच गावाचं सांगतो. नादीनला हुक्की आली, नवे पडदे शिवले. झालं! आम्ही लागलो हरायला. सकाळी उठून बघतो तर अंगणात पाट्या, ‘घर विकणे आहे’, ‘घर विकणे आहे’, गवत दिसेना इतक्या पाट्या! आमच्या धंद्यात तशी पद्धतच आहे, टीम हरली की लोक कोचच्या अंगणात पाट्या ठोकून जातात. पण घर माझं होतं का? भाड्याचं! घरमालक बिचारा येऊन मलाच विचारतोय, “काय भाव आलाय हो?” आणि मग तिथल्या कॉलेजचे डायरेक्टर टीव्हीवर आले, टाय सारखा केला, आणि म्हणाले, “आमचा आमच्या कोचवर पूर्ण विश्वास आहे.” पूर्ण विश्वास! म्हणजे संपलंच! कारण आमच्या धंद्यात ज्याची नोकरी शाबूत आहे त्याच्याबद्दल असं कुणी बोलतच नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला... कर्रर्र! नादीन टेप काढून खोकी बांधायला बसली होती. आठवडा सरायच्या आत मी घरी!

तर असा मी पोळलेला माणूस, आणि आता हे हार्लन फोर्क. इवलंसं गाव, इवलंसं कॉलेज, आजूबाजूला नजर जाईल तिथवर गहू. आणि गंमत सांगू? मला इथं बरं वाटतंय. बरं वाटतंय ना... तीच तर भीती!

म्हणजे पाहा ना, पोरं कशी, शेतावरची, दांडगी, पाठीचे रांजण झालेले, पण हरली की माझ्यासमोर ढसाढसा रडतात, लपवत नाहीत. आर्लीनचं हॉटेल आहे कोपऱ्यावर, तिथं राजमा-खिम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल देतात. पहिल्या दिवशी मी म्हणालो, हे काय भलतंच! आणि आता? आता मी तो रोल चिलीत बुडवून खातो, न बघता, गप्पा मारत! आर्लीनच्या भिंतीवर खुंट्या आहेत, गावातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कप टांगायला. एके सकाळी तिनं माझ्यापुढे कप आपटला, वर माझं नाव, ‘लाइल’! म्हणाली, “रोज रोज धुवून शोधून द्यायला वेळ नाही मला, घ्या, ती तुमची खुंटी.” मी खुंटी बघायला गेलो तर रंगाखालून आधीच्या कोचचं नाव दिसतंय.  तिथंच उभा राहून मी तिला विचारलं, “त्याच्या कपाचं काय झालं?” ती म्हणाली, “कुत्रा पाणी पितो त्यात.”

कळलं ना? बरं वाटतंय, तीच तर भीती!

बरं, एवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? नाही! दर गुरुवारी संध्याकाळी आर्लीनच्या हॉटेलातून रेडिओवर ‘कोचशी गप्पा’ होतात. वेंडेल म्हणून एक निवेदक आहे, घशात गुळाची ढेप ठेवून बोलतो. “तर मंडळीऽऽ, कोच टेबेट्स आपल्यासोबत आहेत... काय कोच, रमलात की नाही आमच्या गावात?” आणि माझ्या तोंडात रोल, पोटात चिली, समोर सगळी ओळखीची तोंडं... मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, “अहो वेंडेल, मला इथं अगदी घरच्यासारखं वाटतं. आता इथून हलायचं नाव नाही!”

 चमचे हवेतल्या हवेत थांबले. आर्लीन त्या क्रॅट्झच्या कपात कॉफी ओतत होती ती ओततच राहिली, कप भरला, बशी भरली, टेबलावरून त्याच्या मांडीवर धार लागली, आणि क्रॅट्झला पत्ता नाही! क्रॅट्झ म्हणजे बियाणांचा व्यापारी, टीमचा सगळ्यात मोठा भक्त, गाडीसुद्धा टीमच्या रंगाची. तो मांडीवर गरम कॉफी घेऊन मला एवढंच म्हणाला, “कुठलं कॉलेज?”

“कसलं कुठलं?”

“कोच, हेच वाक्य! याच खुर्चीत! तुमच्या आधीचा बोलला, त्याच्या आधीचा बोलला. तुमच्या आधीचा तर हुंदके देऊन रडला, आम्ही पण रडलो, आर्लीननं त्याला फुकट जेवण घातलं, आणि बाहेर त्याच्या सामानाच्या ट्रकचं इंजिन चालू होतं हो! सोमवारी टीव्ही लावतो तर हा दुसऱ्याच कॉलेजची टोपी घालून, तिथंही रडतोय, तिथंही म्हणतोय, घरच्यासारखं वाटतं!”

आता घ्या! जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, आणि तेच खोटारड्यांचं ठरलेलं वाक्य निघालं!  घरी पळालो. म्हटलं, निदान बायकोचा तरी विश्वास असेल. तर ती गॅरेजमध्ये उभी, कमरेवर हात. “कुठं चाललोय आपण?”

“कुठंच नाही गं!”

“लाइल, मी रेडिओ ऐकलाय. मी माप घेऊन पडदे शिवले, रोज शिवताना पुटपुटत होते, यंदा नको, यंदा नको... आणि तू मला न सांगता नोकरी बघितलीस?”

सांगा! माझी सख्खी बायको! दुसऱ्या दिवशी आमच्या क्वार्टरबॅकच्या आईचा फोन. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू, सगळा खेळ त्याच्या हातात, आणि त्याची आई त्याच्याहून दांडगी. “कोच, पोराला टीमसाठी मागायला आलात तेव्हा माझ्या घरी बसून माझ्या हातचं मांस-बटाटे खाल्लेत! म्हणालात, पोर माझ्या हवाली करा! आता तो दुसऱ्या कॉलेजात जायचं म्हणतोय, कारण म्हणे तुम्ही जाताय! ताट चाटून पुसून खाल्लं होतंत हो!” मी म्हणतोय, बाई, मी जात नाही. ती म्हणते, आधीचाही असंच म्हणाला होता, पण तो निदान कमी जेवला होता!

संध्याकाळी क्रॅट्झ आला. सहज आलो म्हणाला. सहज! गॅरेजच्या दारातून मान वाकडी करून आत बघतोय. आत काय? टेप लावलेली खोकी, छतापर्यंत! माझ्याकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, आणि अगदी मयताला आल्यासारखा माझा खांदा थोपटून निघून गेला. आता त्याला कसं सांगू, की ती खोकी निघायच्या तयारीची नाहीत बाबा, ती भीतीची आहेत!

शनिवारी मॅच. मला वाटलं, जिंकलो की सगळं निवळेल. पोरं जीव तोडून खेळली, जिंकलो! आणि टाळ्या? एक नाही! सगळं स्टेडियम लांब चेहरे करून बसलेलं. का? तर मागून एक म्हातारा दुसऱ्याला म्हणतो, “संपलं. आता याचा भाव वाढला, आता थांबतोय कशाला!” हरलो तर काढणार, जिंकलो तर गेला म्हणणार. मी करू काय? बरोबरीत सोडवू?

सोमवारी आमचे डायरेक्टर स्ट्राउडसाहेब, त्यांनी बोलावलं. देवमाणूस, कुणाला मोठ्यानं बोलत नाहीत. टेबलावरची पेन्सिल सरळ ठेवली, तिरकी ठेवली, पुन्हा सरळ ठेवली. म्हणाले, “लाइल, मी जरा सावध माणूस आहे. मागच्या खेपेला आयत्या वेळी तोंडघशी पडलो होतो. म्हणून या खेपेला... एकाशी बोलून ठेवलंय. तुमच्या जागेसाठी. तुम्ही गेलात तर.”

“पण साहेब, मी जात नाही!”

“हो हो,” म्हणाले, “तसंच म्हणायचं असतं. येत्या गुरुवारपर्यंत काय ते नक्की कळू दे, नाहीतर तो माणूस दुसरीकडे जाईल.”

 अहो, राहायचंय म्हटल्याबद्दल माझी जागा चालली! इतकी गावं झाली, गेलो तेव्हा वाईट नाही वाटलं, भाड्याचं घर, भाड्याचं गाव. पण इथं? माझी खुंटी आहे इथं! रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, शिट्टी वाजवतो तर शिट्टीतून नुसतीच हवा. बरं वाटत होतं ना... तीच तर भीती खरी झाली!

गुरुवार आला. हॉटेल तुडुंब, लोक दारात उभे, स्ट्राउडसाहेब मागच्या टेबलावर, नादीन त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून. वेंडेलच्या घशातला गूळसुद्धा वाळलेला. “तर... कोच... काही सांगायचंय?” मी भाषण पाठ करून आलो होतो, हे गाव किती गोड, हे लोक किती गोड. तोंड उघडलं आणि आठवलं, अरे, जाणारे सगळे हेच बोलले! पाठ केलेलं सगळं पळालं. नुसती भीती उरली. आर्लीननं कॉफी ठेवली, मी घोट घेतला... आणि माझं डोकंच फिरलं!

“आर्लीन, ही कॉफी आहे की डांबर? आल्यापासून हेच पितोय मी! आणि तो बँड, बरोब्बर माझ्या पाठीमागे का बसवता? तो जाड्या माझ्या कानात भोंगा फुंकतो, मी पोरांना डावीकडे पळा म्हणतो, ती उजवीकडे पळतात! आणि कपडे बदलायच्या खोलीतलं ते गटार! स्ट्राउडसाहेब, आल्या दिवसापासून सांगतोय, पोरं घोट्याघोट्याएवढ्या पाण्यात बूट घालतात, ते मी मेल्यावर उपसणार आहात का? आणि क्रॅट्झ! तुमचा कुत्रा रोज सकाळी माझ्या दारात येऊन बसतो, घाण करतो आणि वर माझ्यावरच भुंकतो, त्याला बांधा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात मी कुंपण घालीन कुंपण, आणि त्याचा खर्च...”

माझा दम संपला.  म्हटलं, गेलो. आता कप कुत्र्याला!

आणि क्रॅट्झ हळूच उठला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, “पुढच्या हिवाळ्यात म्हणाला. ऐकलंत? गटाराबद्दल भांडतोय! अरे, जाणारा माणूस गटाराबद्दल कशाला भांडेल? हा कुठं जात नाही! हा आपला आहे रे!”

मग काय विचारता! लोक टेबलावर मुठी आपटतायत, वेंडेल माइकमध्ये हुंदके देतोय, आर्लीन ओरडतेय, “कॉफी अशीच मिळेल, प्यायची तर प्या!” आणि दुसरा कप भरतेय. नादीन आली, सगळ्यांसमोर माझ्या गालाचा मुका घेतला, म्हणाली, “उद्या सगळी खोकी उघडते.” सगळी! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. पहिल्यांदाच. चांगली घोटभर कॉफी संपेपर्यंत.

कारण तेवढ्यात स्ट्राउडसाहेब उठले. गहिवरलेले. वेंडेलच्या हातातला माइक घेतला, टाय सारखा केला, आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, “मंडळी, मला एकच सांगायचंय... आमचा आमच्या कोचवर पूर्ण विश्वास आहे!”

चमचे थांबले. आर्लीनची कॉफी बशीत चालली. क्रॅट्झनं नुसते डोळे मिटले. मनापासून म्हणाले असतील हो ते, अगदी मनापासून... पण मीसुद्धा मनापासूनच म्हणालो होतो ना!

घरी आलो. दिवा लावला. मी खुर्चीत, नादीन खिडकीपाशी. मी वाट बघतोय, आता येईल तो आवाज, कर्रर्र... आता येईल... नाही आला. तिनं पडद्याची एक चुणी सारखी केली, लांबून बघितली, आणि म्हणाली, “हे राहू देत इथंच. पुढच्या कोचच्या बायकोला होतील.”

मी म्हटलं, “अगं, तिला माप बसेल का?”

म्हणाली, “का नाही बसणार? खिडकीला कुठं कोण नारळ देतंय!”