जाळीला रफू

…आणि वर दवाखान्यात मलाच विचारतात, 'हे कुणी केलं?' कुणी म्हणजे? हातावरच्या पट्टीला भोकं दिसली, मी बुजवली! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं रफूगार आहे मी, भोक दिसलं की माझा हात थांबत नाही, त्याला मी काय करू?

आता हात तरी कुठला… डावा तर गरम इस्त्रीखाली गेलेला. पंजाच्या मागची सगळी कातडी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'नुसती जखम भरू दिली तर कातडी आवळेल, बोटं उघडणार नाहीत.' डाव्या हातानं कापड ताणून धरायचं असतं, तो मिटलेलाच राहिला तर उजव्यानं काय माश्या मारायच्या?

तर बाईंनी एक पांढरी चकती आणली, स्पंजासारखी. उजेडात धरून बघितली, भोकंच भोकं! म्हटलं, 'बाई, माल खराब आलाय.' तर म्हणतात, 'काका, ती भोकंच कामाची. तुमच्या पेशी त्यांत शिरतील, रक्तवाहिन्या शिरतील, आत घर करतील, आणि चकती हळूहळू विरघळून जाईल.' म्हणजे बघा, कापड जाणार आणि भोकं नांदणार! आणि इकडे भोक दिसलं की माझा हात…

ती जखमेवर बसवून घेऊन घरी आलो. चकतीवर जाळीची पट्टी, आतलं पाणी बाहेर झिरपायला. दोन दिवस नुसता बसून. समोर जाळी, शेजारी सुई… चकतीला नाही हो हात लावला, शपथ! फक्त वरची पट्टी. पण काय रफू केलं, एका हातानं! वारा आत जाईना.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, 'अगंबाई, जाळी कुठे गेली?' मी छाती फुगवून म्हणालो, 'शोधून दाखवा.' डॉक्टरीणबाई धावत आल्या. आत पाणी तुंबलेलं. 'काका, अजून एक दिवस गेला असता ना, तर चकती काढून टाकावी लागली असती.' शेजारी बायको, डोळ्यांत पाणी. 'अहो, हात नको का तुम्हाला?' ते मात्र लागलं मला. घरी गेल्या गेल्या तिनं सुयांचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला.

तीन आठवड्यांत चकतीत खरंच गुलाबी जीव भरला! मग बाईंनी मांडीवरचा पातळ पापुद्रा काढून वर बसवला. ते मला पटलं, आम्हीसुद्धा रफूला त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरा काढतो.

आणि मागच्या सोमवारी बाई म्हणाल्या, 'बोटं पसरा.' पसरली, पाचही! दवाखानाभर हात दाखवत सुटलो, दारावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा. रंग जरा फिका, पण जोड? चष्मा लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं… सापडेना हो. मला सापडेना!

आज सकाळी डबा परत आला, एका कोटाला रफू केलं. बायकोनं कोट उजेडात धरला, मग माझा हात उजेडात धरला, पुन्हा कोट बघितला, आणि म्हणाली, 'अहो, शिका की जरा. मास्तर घरातच आहे.'