कोणत्या बाजूचा

मी, जिला सगळी गल्ली टेलरमावशी म्हणते, वय एकोणपन्नास, धंदा बायकांचे कपडे शिवणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

दुकानासमोरच्या इमारतीत फिर्यादी बाईंची आई एकटी राहते. बाई नोकरीमुळे परगावी असतात, पण कपडे माझ्याकडेच शिवतात. तयार कपडे आई घेऊन जातात, म्हणून दुकानात फोन नंबरही आईंचाच दिलेला आहे.

मागच्या वर्षी बाईंचे ऑपरेशन होऊन एक स्तन काढावा लागला. तेव्हापासून मी त्यांच्या ड्रेसला एका बाजूला अस्तरात पॅड घालते, हाताला लागणार नाही असे. माप देताना त्या म्हणाल्या होत्या, "मावशी, आईला यातलं काही माहीत नाही. तिला सोसायचं नाही." मी म्हटले, "माझ्या पोटात राहील."

पुढे एक गोडबोल्या सेल्समन मापे ठेवायचे अ‍ॅप घेऊन आला. कपडे तयार झाले की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जाईल म्हणाला. मी हुरळले. सगळ्यांची मापे भरली. बाईंच्या नावापुढे शेऱ्यात ऑपरेशन, पॅड, बाजू, सगळे लिहिले. शेवटी 'ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना देण्यास संमती आहे' असे आले, त्यावर बोट ठेवले. साहेबांनी विचारले, कोणाची संमती? कायद्याने ती गिऱ्हाइकाची लागते, हे मला ठाऊक नव्हते. पण कायदा नसता तरी विचारायला हवे होते. मी पैसे घेतले नाहीत, असे नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे फुकटात विकलंस."

गेल्या सोमवारी कृत्रिम स्तन विकणाऱ्या कंपनीचा फोन आईंना गेला. बाईंचे नाव घेऊन, ऑपरेशनला वर्ष झाले, नवीन हवा का, असे विचारले. आई घरातल्या कपड्यांवरच रस्ता ओलांडून दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसून म्हणाल्या, "कोणत्या बाजूचा काढला गं?"

"लेकीलाच विचारा" म्हणता आले असते. मी सांगून टाकले. बाकीचे खापर कंपनीवर फोडता येईल, हे मात्र माझ्याच तोंडाने झाले. मला मेल्याहून मेल्यासारखे वाटते. बाई माझा फोन घेत नाहीत.

आत्ता साहेबांनीही तेच विचारले, कोणत्या बाजूचा. नोंदीला लागते म्हणाले. ते मी सांगणार नाही. बाईंना विचारा, त्यांना सांगावेसे वाटले तर.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. बाजूची जागा कोरी आहे, तीही माझ्याच सांगण्यावरून.