चिऊची बाही

मी मूळची श्रीवर्धनकडची, बाबा दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायचे, लग्न होऊन चौलच्या पल्याड या खाडीकाठच्या गावात आले आन दोन वर्षांत अंगणवाडीची सेविका झाले. तवापासनं सगळा गाव मला बाई म्हणायचा. आता कोण हाकच मारत न्हाय.

काय सांगू तुम्हाला ताई, चिऊ म्हणून चार वर्षांची पोर होती, आई गेलेली, घरात बाप आन ती. वजन करायला उचलली तर किंचाळली. बाही वर केली, तर कोपरापर्यंत चटके. कोणी केलं गं, तर म्हणे अंथरूण ओलं झालं म्हणून बाबांनी उलथनं तापवलं. चार वर्षांचं लेकरू अंथरूण ओलं करणार न्हाय तर काय करणार, सांगा तुम्ही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, असं दिसलं की त्याच दिवशी मुलांच्या मदतीचा नंबर फिरवायचा, गावात कोणाला विचारायचं न्हाय, पोराला चारचौघांत न्यायचं न्हाय. सगळं पाठ होतं मला. पण आमच्यात गावकी हाय ना. गावातली गोष्ट आधी गावकीपुढं, परस्पर पोलिसात गेलं की वाळीत. मी पण या गावचीच सून, वाटलं पंचांनी दम दिला की बापाला अक्कल येईल, पोर घरातच राहील. म्हणून मी तिला देवळात नेली आन पाच पंचांपुढं तिची बाही वर केली, मी, माझ्या हातानं. ती नको बाई, नको बाई म्हणत होती. अध्यक्ष म्हणाले, व्हय, वाईट झालं, पण पालखी होऊ दे, मग बसू. बाप खाली मान घालून उभा.

पालखी झाली, कोण बसलं न्हाय. आन बापानं, देवळात माझी अब्रू घालवलीस म्हणून, तिचा तोच हात पिरगाळून मोडला. तवा मी नंबर फिरवला. तवा!

बाप आत गेला, पोरीला लांब बालगृहात नेली, आन मला गावानं वाळीत टाकलं. दुकानदार सामान देत न्हाय, माझी मदतनीस वाटेत तोंड फिरवते, मी रोज सतरंजी घालते आन एक पोर येत न्हाय. वर ऑफिसची नोटीस. गाव विचारतो का कळवलंस, ऑफिस विचारतं उशिरा का कळवलंस. ऑफिसला मी खरं तेच लिहून दिलं, की मी गावाला भ्याले.

मागल्या महिन्यात साक्षीला गेले तर चिऊ दिसली. हात सरळ होत न्हाय तिचा. मी चिऊ म्हणून हाक मारली, तर माझ्याकडं बघत बघत तिनं तो हात पाठीमागं नेला. तिला वाटलं असेल, ही बाई आता परत बाही वर करील.

जिथं हाय तिथं सुखात राहा गं बाय. आन मला विसर.