सरकीला चुना लावल्याबाबत

नाव लालीबाई पूनमसिंग राठोड, वय ४६ वर्षे, धंदा शेती, रा. वरचा तांडा, ता. कळंब, जि. यवतमाळ.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पतीसह राहते. मागचे दोन हंगाम बाजारातले कपाशीचे बी आमच्या तांड्यात धड उगवले नाही. म्हणून यंदा, २००७ साली, बचत गटातल्या आम्ही बायकांनी घरचीच सरकी पेरायची ठरवले. सरकीवर लव असते. ती तेजाबाने जाळायची, बी पाण्याने धुवायचे आणि मग चुन्याच्या पाण्यातून काढायचे. तेजाब मागे राहिले तर कोंब जळतो. चुना तेजाबाचा जोर मोडतो आणि त्यात त्याचा स्वतःचाही जोर जातो. माझे व नवऱ्याचे भांडण असेच मिटते.

मंगळवारी कळंबच्या बस स्टँडवर मी गटातल्या गंगीला बजावले, "चुना लावल्याबिगर कोनालेच बी देऊ नको." मागे फकिरा उभा होता. तो आमच्याकडूनच बी घेणार होता. एवढेच ऐकून त्याने तडक ठाणे गाठले. मला त्याचा फार राग आला, हे लिहून घ्यावे.

दुपारी पोलीस तांड्यात आले तेव्हा बादलीतले बी पाण्याने धुऊन झाले होते, चुना बाकी होता. शिपायाने बादली जप्त केली. मी म्हटले, "साहेब, पैले मले चुना तं लावू द्या." त्यावर तो जास्तच भडकला. "पोलिसालेच चुना लावतं काय, बाई?" असे म्हणाला. पुऱ्या तांड्याने निवडून दिलेले बी त्या बादलीत होते. जीपमध्ये ती मांडीवर धरून मी रडले.

ठाण्यात हवालदार साहेब सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. त्यांच्याजवळ चुन्याची डबी दिसली तेव्हा मी हात जोडून सगळे सांगितले. त्यांनी समोरच्या टपरीवरून चुन्याचा डबा मागवला. माझ्या ओढणीच्या कोपऱ्याला हळद लागलेली होती. तो बादलीत बुडवला तर पिवळाच राहिला. "हा लाल झाला का तेजाब मेलं समजा," मी म्हटले. साहेबांनी स्वतः चुना कालवून थोडा थोडा ओतला. कोपरा लाल झाला तेव्हा ठाण्यातच बसून राहिलेला फकिराच ओरडला, "अवो, हे तं कुंकू झालं!" मग बी पुन्हा साध्या पाण्याने धुतले. बादली मला परत दिली आणि मूठभर बी ओल्या गोणपाटात बांधून ठाण्यात मुद्देमाल म्हणून ठेवले.

आज शनिवारी माझ्यासमोर ते गोणपाट उघडले. जवळपास सगळ्या बियांना पांढरे कोंब फुटले आहेत. मला फार आनंद झाला आहे. फकिरा सकाळपासून पिशवी घेऊन बाहेर बसला आहे. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याला बी देईन, पण सगळ्यात शेवटी.

जबाब वाचून दाखवताना साहेबांनी विचारले, "लालीबाई, 'चुना लावला' खोडून दुसरं काही लिहू काय?" मी नको म्हटले. मी सांगितले तसेच उतरले आहे. चुना आम्ही लावला, हे खरे आहे व मला कबूल आहे.