नाव घेतलं

१९६३ साली चिखलीच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या.

"जनकावयनी, माहा भाऊ जाऊन महिना झाला, तुम्ही रडल्या बी नाही."

"रडूच येत नाही, तानाबाई. विहारातले भंतेजी म्हणले, मनात जे येईन त्याचं नाव घ्या. राग आला, म्हटलं राग. भेव आलं, म्हटलं भेव. सुटल्यावानी वाटलं, तेबी म्हटलं."

"सुटल्यावानी? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हटलं लाज. मंग एक आलं, त्याले नावच सापडेना."

"मंग?"

"त्यायचंच घेतलं. कचरू."

"अवं माय, नवऱ्याचं नाव!"

"तीस वर्सांत पहिल्यांदा."

"वयनी, रडून राह्यल्या काय?"

"हाव."

तानाबाई दोन वर्षांनी वारली, असं नंतर कळलं. जनकाबाई मला पुढे नांदुऱ्यात दिसली. कडेवरच्या नातवाला ती खेळवत होती, "कचरू, ए कचरू!"