डूगल रेनीचा माग

(इंग्लंडात लँकशरमधलं गिरण्यांचं गाव, १८९६. केझाया रेनीच्या खाणावळीत ती आणि शेजारची टॅमर बटाटे सोलतायत.)

टॅमर : ...पण मावशी, बाबा म्हणतात, पैसे घेऊन फुटबॉल खेळणाऱ्याला मुलगी देणं म्हणजे तिला विहिरीत ढकलणं.

केझाया : माझे बाबाही हेच म्हणायचे. त्यात आमचा डूगल स्कॉटलंडचा. म्हणजे विहीर, तीही परमुलखातली.

टॅमर : तरी केलंत लग्न?

केझाया : लग्नाआधी त्याचा माग सांभाळला. पैसे घेऊन खेळायला तेव्हा बंदी होती ना, म्हणून क्लबवाल्यांनी त्याला आमच्या गिरणीत विणकर म्हणून चिकटवला. बापजन्मात माग बघितला नव्हता त्यानं. धागा तुटला की टोपी काढून उभा राहायचा, मयताला आल्यासारखा. मग त्याचंही कापड मीच विणायचे.

टॅमर : आणि ते काय करायचे?

केझाया : शनिवारी गोल. पुढे बंदी उठली, तसा मोठ्या ऐटीत मुकादमाला सांगायला गेला, की मी विणकर नाही, फुटबॉलवाला आहे. मुकादम म्हणाला, तुझं कापड बघूनच कळलं होतं. त्याला काय ठाऊक, की ते कापड माझं!

टॅमर : मग त्यांचा गुडघा गेला, तेव्हा?

केझाया : गोठलेल्या मैदानावर पडला, तो पुन्हा धावला नाही. शनिवारी मैदानावरचा गलका इथवर यायचा. हा उठून खिडकी लावायचा. एकदा मात्र भट्टीपाशी जीव इतका घुसमटला, की म्हटलं, उघड ती. उघडली. गलका ऐकत उभा राहिला. म्हटलं, जाऊन बघून तरी ये. गेला. आला तो घसा बसलेला, पंचाला शिव्या घालत. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

टॅमर : आज त्यांनी पुन्हा मागणी घातली, तर हो म्हणाल?

केझाया : माझं सोड. तुझा सेथ जिंकल्यावर कसा दिसतो, ते अख्खं गाव सांगेल. हरल्यावर बघितलायस?

टॅमर : गेल्याच शनिवारी. पाच गोल खाल्ले. तसाच आमच्याकडे येऊन बसला. बाबा मुद्दाम समोर.

केझाया : मग?

टॅमर : मग आईला म्हणाला, भूक लागलीय.

केझाया : हरून आला, तरी भूक लागते ना? मग निभेल गं, पोरी.